घालून परत पाठवलेला कपडा कसा ओळखायचा: ऑनलाइन कपडे विकणाऱ्या सोलापूरकरांसाठी

सोलापुरातून आता नुसत्या चादरी-टॉवेल ऑनलाइन जात नाहीत, अशोक चौकापासून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत कुणी कुर्ती विकतंय, कुणी शाळेचे युनिफॉर्म, कुणी इरकल साड्या, कुणी गॅदरिंगचे डान्स ड्रेस. आणि विकायला लागलं की थोड्याच दिवसांत सगळ्यांना कळतं की माल जातो तसा परत पण येतो. त्यातले बहुतेक रिटर्न खरे असतात, साइज बसत नाही, रंग फोटोत वेगळा दिसला, कापड पातळ निघालं, ह्यात गिऱ्हाइकाची काही चूक नाही. पण काही जण लग्नात, वाढदिवसाला, फोटोशूटला कपडा घालतात, टॅग आत खोचून ठेवतात आणि दोन दिवसांनी 'आवडला नाही' म्हणून परत टाकतात. मोठ्या कंपन्यांत ह्याला वॉर्डरोबिंग म्हणतात, आपल्याकडं सरळ 'घालून परत' म्हणतात. हे कसं पकडायचं ते सगळं खाली लिहितोय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. घालून बघणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे, दुकानात ट्रायल रूम असते तशी ऑनलाइनमध्ये त्याच्या घरचा आरसा असतो. आपल्याला पकडायचंय ते घालून वापरलेलं. त्यामुळं खाली जी एकेक खूण सांगतोय तिच्यातली कुठलीही एकटी पुरावा नाही. कॉलरला फाउंडेशनचा एक ठिपका दोन मिनिटाच्या ट्रायलमध्ये पण लागतो. दोन-तीन वेगवेगळ्या प्रकारच्या खुणा एकाच कपड्यावर सापडल्या आणि तो कपडा जाताना कसा होता ह्याचा फोटो आपल्याकडं असला, तरच बोलायचं, नाहीतर गप पैसे परत करायचे.

सुरुवात पॅकिंग टेबलावर

लोक रिटर्न आला की तपासायला बसतात. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण तुलना कशाशी करणार? म्हणून पहिलं काम माल पाठवताना.

प्रत्येक पीसचे चार फोटो काढा: पुढून, मागून, गळ्याच्या आतलं लेबल आणि टॅग जिथं लावलाय ती जागा जवळून. महाग पीस असेल तर काखेचा भाग आणि खालचा घेर पण. वीस रुपयाची मार्जिन असलेल्या नाइटीला एवढं करायला कुणी सांगणार नाही, तिथं नुसता पॅकिंगचा व्हिडिओ पुरे. पण हजाराच्या वरच्या पार्टीवेअरला, साडीला, शेरवानीला फोटो काढलेच पाहिजेत. फोटोचं नाव ऑर्डर नंबरनं सेव्ह करा, नाहीतर तीन महिन्यांनी गॅलरीत शोधत बसाल.

आता टॅग. आपल्याकडं बहुतेक जण साध्या टॅग गननं प्लॅस्टिकची पिन मारतात, तीही बाजूच्या शिवणीत आतल्या बाजूला. ही जागा चुकीची. तिथला टॅग घालून आरामात आत लपवता येतो, आणि साधी पिन कापून नवी मारणं दहा रुपयाचं काम आहे. त्यापेक्षा एकदा ओढून बसली की उघडत नाही अशी लूपवाली पिन घ्या, टॅग जरा मोठा घ्या आणि छातीच्या बाजूला किंवा गळ्यापाशी अशा ठिकाणी लावा की तो ठेवून चारचौघात जाताच येऊ नये, पण घरात घालून बघायला अडचण पण होऊ नये. टॅगवर सिरियल नंबर छापा आणि तो नंबर ऑर्डरसमोर लिहून ठेवा. टॅगवर मराठी-हिंदीत स्पष्ट लिहा की घालून बघायला हरकत नाही, हा टॅग काढला तर 'आवडला नाही' ह्या कारणाखाली रिटर्न घेतला जाणार नाही. हीच ओळ प्रॉडक्टच्या पानावर पण पाहिजे, नुसती टॅगवर असून चालत नाही, गिऱ्हाइकाला विकत घ्यायच्या आधी कळलं पाहिजे.

आणखी एक स्वस्तातला उपाय, यूव्ही पेन. वॉशकेअर लेबलच्या मागं छोटासा कोड लिहायचा, साध्या उजेडात दिसत नाही, यूव्ही टॉर्चखाली दिसतो. ह्याचा उपयोग अदलाबदल पकडायला, म्हणजे तुमच्या नव्या पीसऐवजी गेल्या वर्षीचा जुना परत आला तर. धुतलंय का हे त्याच्यावरून ठरवू नका.

वजन पण लिहून ठेवतात काही जण. ठेवा, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. सुती कापड हवेतला ओलावा ओढतं, स्टँडर्ड हवामानात कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के, पॉलिस्टर अर्धा टक्का पण नाही. म्हणजे मे महिन्यात सोलापूरच्या कोरड्या उन्हात पॅक केलेला कॉटन कुर्ता कोकणातनं परत आला तर तो थोडा जड भरणारच, त्यात फसवाफसवी काही नाही. वजनात मोठा फरक आला तर पीस बदलला किंवा दुपट्टा गायब आहे असं समजा, घातलाय की नाही हे वजन सांगत नाही.

पार्सल उघडताना

कॅमेरा आधी सुरू, पार्सल नंतर हातात. एकच सलग व्हिडिओ पाहिजे: लेबलवरचा एडब्ल्यूबी नंबर (कुरिअरचा पार्सल नंबर) वाचता येईल असा, पिशवीच्या सगळ्या बाजू, टेप आधी कापलीय का ते, मग कापणं, मग कपडा बाहेर. मधे पॉज केला की क्लेम (भरपाईची मागणी) करताना समोरचा पहिला बोट तिथंच ठेवतो.

पिशवी कापल्या कापल्या वास घ्या. बंद पॉलीबॅगमध्ये वास कोंडून राहतो आणि पहिल्या काही सेकंदात जेवढा येतो तेवढा नंतर येत नाही. आमच्याकडं चेकिंगला एक मावशी आहेत, आधी गारमेंटमध्ये फिनिशिंगला होत्या, त्या कपडा बाहेरच काढत नाहीत, पिशवीचं तोंड नाकापाशी धरतात आणि सांगतात, 'हा कपाटात होता', कारण डांबरगोळीचा वास. परफ्यूम, डिओ, घाम, तळणाचा वास, धूप-अगरबत्ती, सिगरेट, प्रत्येकाचं वेगळं. नव्या कापडाला स्वतःचा एक वास असतो, खळीचा आणि फिनिशिंगच्या केमिकलचा, तो ओळखीचा झाला की बाकीचे आपोआप वेगळे पडतात. सलग पार्सलं उघडत राहिलं की नाक बधिर होतं, मधनंमधनं बाहेर मोकळ्या हवेत जाऊन यायचं. पण वासाचा फोटो निघत नाही हे विसरू नका. वास ही फक्त 'आता नीट बघ' अशी सूचना आहे, क्लेममध्ये दाखवायला डोळ्याला दिसणारं काहीतरी लागतंच.

टेबलावर पसरून, ठरलेल्या क्रमानं

पांढऱ्या ट्यूबच्या उजेडात सपाट पसरा. मग ट्यूब बंद करून टॉर्च कपड्याला जवळजवळ टेकवून बाजूनं तिरका उजेड टाका, वरून न दिसणारे चुरगाळे, गोळ्या, ओढलेले धागे तिरक्या उजेडात एकदम उठून दिसतात. क्रम ठरवून घ्या, म्हणजे काही सुटत नाही: गळा, मुंढा, बाह्या, पुढची बाजू, मागची बाजू, खिसे, घेर, लेबल, टॅग.

गळ्याच्या आतल्या बाजूला फाउंडेशन, पावडर, केसांचं तेल. मागच्या गळ्याला तेलाची पिवळसर रेघ असेल तर कपडा बराच वेळ अंगावर होता. मुंढ्याला डिओचे पांढरे पट्टे, काळ्या-नेव्ही ब्लू कपड्यावर लगेच दिसतात, आणि अस्तर असेल तर ते उलटं करूनच बघा, कारण घामाची कड अस्तरावर वाळते, वरच्या कापडावर कित्येकदा काहीच नसतं. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा ४० च्या वर असतो, लग्नाच्या मांडवात तासभर घातलेला सॅटीनचा ब्लाउज अस्तरावर खूण सोडल्याशिवाय राहत नाही.

चुरगळण्यात पण फरक आहे. फॅक्टरीच्या घडीच्या रेघा सरळ आणि एकमेकींना काटकोनात असतात. बसून उठून पडलेल्या सुरकुत्या मांडीवर आडव्या, गुडघ्यामागं, कोपरात आणि पाठीच्या खालच्या भागात. मात्र रेयॉनचा कपडा कुरिअरच्या पिशवीत पण असा चुरगळतो की बघवत नाही, त्यामुळं रेयॉनला ह्या खुणेवर जास्त मार्क देऊ नका. उलटं पण बघा, कपडा एकदम कडक इस्त्रीचा आलाय आणि फॅक्टरीची घडीच नाही, तर कुणीतरी घरी इस्त्री केलीय, आणि गडद रंगाच्या मिक्स कापडावर गरम इस्त्री फिरली की शिवणीच्या जाड भागावर चकाकी येते. गिऱ्हाइकानं ट्रायलनंतर इस्त्री कशाला करावी, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे, पण पुन्हा तेच, एकटी खूण.

काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला कापड घासून बारीक गोळ्या धरतात. ट्रायलमध्ये हे होत नाही, त्यामुळं ही खूण जड धरायची, फक्त तुमच्या कापडाला मुळातच गोळ्या येतात का हे शिलकीतला एक पीस शेजारी ठेवून बघा. खिसे उलटे करा. आत धाग्यांचा भुगा, बडीशेप, बसचं तिकीट, पार्किंगची पावती, सगळं निघतं. तारीख असलेली पावती निघाली तर लगेच व्हिडिओत दाखवा.

धुतलेला कपडा ओळखायला वॉशकेअर लेबल बघायचं. धुतलं की लेबलच्या कडा वळतात, छपाई फिकी होते, आणि लेबल मऊ पडतं. दुसरं, खळ असलेल्या नव्या सुती कापडावर पाण्याचा थेंब थोडा वेळ बसून राहतो, धुतलेल्यात पटकन शिरतो. हे आतल्या दुमडीवर एकाच थेंबानं करा आणि तुमच्या नव्या पीसवर आधी करून फरक माहीत करून घ्या, सगळ्या कापडांना हा नियम लागत नाही. कॉटनचा पीस धुवून आला असेल तर उंची पण मोजा, बऱ्याचदा आटलेला असतो.

यूव्ही टॉर्चबद्दल, कारण ह्यात लोक लई घोळ घालतात

टॉर्च ३६५ नॅनोमीटरची घ्या. बाजारात ३९५ वाल्या स्वस्त मिळतात पण त्यांचा जांभळा उजेडच एवढा की बारीक चमक त्यात बुडून जाते. खोली पूर्ण अंधारी करा, डोळ्यात उजेड घेऊ नका.

आता मेन गोष्ट. पांढरा कपडा यूव्हीखाली निळसर पांढरा चमकला म्हणून धुतलेला ठरत नाही. मिलमध्येच पांढऱ्या कापडाला ऑप्टिकल ब्राइटनर (कापड जास्त पांढरं दिसावं म्हणून लावायचं, यूव्हीखाली चमकणारं केमिकल) लावतात आणि तेच केमिकल घरच्या वॉशिंग पावडरमध्ये असतं. त्यामुळं पांढऱ्यावर ही टेस्ट बाद. उपयोग गडद कपड्याला: नवा नेव्ही ब्लू कुर्ता यूव्हीखाली जवळपास काळाच दिसतो, तोच ब्राइटनरवाल्या पावडरीनं धुतला तर शिवणीत, दुमडीत, बटणाच्या काजाभोवती निळसर धूळ पसरल्यागत चमकतं. शेजारी स्टॉकमधला पीस ठेवूनच बघायचं.

हळद मात्र सुरेख सापडते. हळदीतला कर्क्युमिन यूव्हीखाली हिरवट पिवळा चमकतो, अगदी साध्या डोळ्याला न दिसणारा हात पुसल्याचा डाग पण. पक्कं करायचं असेल तर कपड्यावर काही ओतू नका. कापूस ओला करून डागावर हलका घासा, मग साबणाचं पाणी त्या कापसावर सोडा, तांबडा झाला तर हळद. कापसाचा फोटो काढा. पण हळद म्हणजे हळदी समारंभच असं नाही, स्वयंपाक करता करता पार्सल घेऊन उघडणारी बाई पण घराघरात आहे. बाहीच्या टोकाला एक बोट लागलं असेल तर सोडून द्या, खांद्यावर आणि पाठीवर शिंतोडे असतील तर मग ती स्वयंपाकघरातली हळद नाही.

साडी, डान्स ड्रेस आणि बाराबंदी

साडी उघडायच्या आधी घडी बघा, कंपनीची घडी पुन्हा तशीच जमवणं भल्याभल्यांना जमत नाही. मग खांद्याच्या भागात पदराला पिनेची भोकं शोधा, सिल्कवर उजेडासमोर धरली की दिसतात, बहुतेक वेळा जवळजवळ दोन-तीन, कारण पदर नीट बसेपर्यंत पिन काढून पुन्हा लावली जाते. कमरेच्या जागी निऱ्यांच्या बारीक उभ्या घड्या आणि परकराच्या नाडीनं पडलेली आडवी मुरड. खालच्या काठाला धूळ आणि पैंजण-जोडव्यात अडकून ओढलेले धागे. फॉल-पिको करून उसवला असेल तर काठावर सुईच्या भोकांची सरळ रांग राहते, ती लपत नाही. आणि ब्लाउजपीस टेप लावून मोजा. साधारण ८० सेंटीमीटर देता ना, काही महाभाग ब्लाउजपीस कापून घेतात आणि साडी परत पाठवतात.

गॅदरिंगचे ड्रेस म्हणजे डिसेंबर-जानेवारीची डोकेदुखी. कोळी डान्सचे एकाच साइजचे दहा-बारा पीस एकाच पत्त्यावर जातात, कार्यक्रम झाला की आठवड्यात सगळे परत. १९ फेब्रुवारीला शिवजयंती झाली की मावळ्याच्या ड्रेसचं तेच. ह्यात खुणा सोप्या असतात, गळ्याला पावडर-लाली, सेफ्टी पिनांची भोकं, मागं टाचलेली 'इयत्ता ३ री ब' लिहिलेली चिठ्ठी तशीच. माझं मत विचाराल तर ह्या कॅटेगरीत पकडत बसण्यापेक्षा हे ड्रेस भाड्यानं द्यायचं वेगळं लिस्टिंग करा, शाळेच्या बाईंना खरी गरज भाड्याचीच असते आणि तुमच्या पदरात रडण्याऐवजी भाडं पडतं.

संक्रांतीला गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेसाठी पांढरी बाराबंदी (नाड्यांनी बांधायचा अंगरखा) घेतात, आणि यात्रा उरकली की थोड्याफार परत येतात. पांढरं कापड, म्हणून यूव्ही बाद, हे वर सांगितलंच. इथं नाड्या बघा. नव्या बाराबंदीच्या नाड्या इस्त्रीनं सपाट झालेल्या असतात. एकदा गाठ मारून दिवसभर घातली की गाठीच्या जागी नाडी आवळून मुरडते आणि इस्त्री फिरवली तरी ती कड राहते. एका नाडीला मुरड म्हणजे ट्रायल समजा, सगळ्या नाड्यांना खोल मुरड आणि खांद्यावर तेलाचा किंवा गुलालाचा डाग असेल तर वापरलेली.

कागदावरच्या खुणा

एक साधी शीट ठेवा: डिलिव्हरीची तारीख, रिटर्न टाकल्याची तारीख, कारण, प्रॉडक्ट, साइज, पिनकोड, काय सापडलं. काही महिन्यांत चित्र दिसायला लागतं. शुक्रवारी पोचलेला लेहंगा सोमवारी परत, तोही लग्नसराईत. रिटर्नच्या शेवटच्या दिवशी टाकलेली महागडी ऑर्डर. प्रत्येक वेळी पार्टीवेअरच परत, रोजच्या वापराचं कधीच नाही. एकच पत्ता तीन प्रकारे लिहून तीन नंबर.

पण एकाच कुर्तीच्या एम आणि एल दोन्ही मागवून एक परत करणारा फसवा नाही, तुमचा साइज चार्ट त्याला समजत नाहीये. आणि एखाद्या पीसचे रिटर्न सगळ्याच गिऱ्हाइकांकडून यायला लागले तर शीट तुमच्या मास्टरकडं न्या, मुंढा अरुंद कापला जातोय.

निर्णय आणि बोलणं

तीन ढीग करा. पहिला, काही सापडलं नाही किंवा एकच हलकी खूण: पैसे परत, विषय संपला. दुसरा, शंका आहे पण पुरावा अर्धवट: पैसे परत, शीटमध्ये नोंद. तिसरा, निदान दोन जड खुणा वेगवेगळ्या जागी आणि पाठवतानाचा स्वच्छ फोटो: इथं क्लेम किंवा नकार. तिसऱ्या ढिगाचा निर्णय एकट्यानं घेऊ नका, चेकिंग करणाऱ्यानं एकदा बघावं आणि दुसऱ्या कुणाला तरी आधी काय सापडलं ते न सांगता एकदा बघू दे. रागात असलेल्या माणसाला प्रत्येक सुरकुती लग्नातलीच दिसते.

मार्केटप्लेसवर (दुसऱ्या कंपनीच्या ऑनलाइन बाजारात) विकत असाल तर क्लेम त्यांच्या विक्रेत्यांच्या पॅनलवरून त्यांच्या मुदतीत टाका, मुदत बदलत राहते म्हणून पॅनलवरची ताजीच बघा. व्हिडिओबरोबर दोन फोटो शेजारी शेजारी: जाताना असा, येताना असा. त्याच जागेचा, त्याच अँगलनं. लांबलचक निबंध कुणी वाचत नाही.

स्वतःच्या वेबसाइटवर किंवा व्हॉट्सॲपवर विकत असाल तर बोलणं तुमच्यावर येतं. तिथं 'तुम्ही घातलाय' असं म्हणायचं नाही, दिसतंय तेवढंच सांगायचं: "ताई, तुमचा कुर्ता पोचला. अस्तराला घामाची कड आहे आणि टॅगचा लूप कापलाय, फोटो पाठवलेत. पाठवताना असं नव्हतं, तेही फोटो आहेत. आमच्या अटीत हे बसत नाही, त्यामुळं कपडा तुम्हाला परत पाठवतोय." बऱ्याचदा फोटो बघून समोरून उत्तरच येत नाही. आलं आणि त्यात तथ्य वाटलं, तर ऐकून घ्या.

कायद्याचं थोडक्यात. २०२० च्या ई-कॉमर्सच्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे माल खराब असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या वेळेनंतर पोचला असेल तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही. म्हणजे शिवण उसवलेला पीस टॅग कापून आला तरी 'टॅग नाही' हे कारण चालणार नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निपटारा महिन्याभरात करायचा असतो, गिऱ्हाईक १९१५ ह्या नॅशनल कन्झ्युमर हेल्पलाइनवर पण जाऊ शकतं. आणि कुणाचं नाव, नंबर, फोटो 'ह्या बाईपासून सावध' म्हणून व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर टाकायचं नाही. कितीही राग आला तरी. अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये गुन्हा आहे, वर वैयक्तिक डेटाचा २०२३ चा कायदा आहेच. पुढच्या वेळी त्या नंबरची कॅश ऑन डिलिव्हरी बंद करा, एवढा अधिकार तुमचा.

परत आलेल्या मालाचं काय करायचं हे पण ठरवून टाका. वापरलेला पीस धुवून, इस्त्री मारून, नवा टॅग लावून नवा म्हणून विकला तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित व्यापार प्रथा होते, आणि पुढचं गिऱ्हाईक तोच डाग दाखवून तुम्हाला चोर म्हणणार. शिवाय तो पीस परत आला की तुम्ही बिचाऱ्या दुसऱ्याच गिऱ्हाइकावर संशय घेणार. त्यामुळं दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगातल्या मालाला वेगळा कोड द्या, वेगळ्या रॅकवर ठेवा आणि 'वापरलेला' असं स्पष्ट लिहून कमी भावात काढा. आतले कपडे असतील तर ते विकायचेच नाहीत, कापून पुसायला वापरा.